तीन बोटांची गोवरी

तुम्ही खोटं लिहिलंत.

शिक्का मारून, टाइप करून, माझ्या अर्जाच्या उत्तरात लिहिलंत: "सदर गावी महिलांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतल्याचा पुरावा आढळून येत नाही." पुरावा तुम्ही शोधलात कुठं? चावडीत. जेलच्या वहीत. पाटलाच्या ओसरीवर, त्याच्याच चहाचा घोट घेत. बाईचा पुरावा तिथं सापडतो होय? आमचा पुरावा शेणात होता, राखेत होता. राख तुम्ही चाळली नाहीत. तुमचे हात खराब झाले असते.

माझे आधीच खराब आहेत, म्हणून मी सांगते. मधे कुणी बोलायचं नाही.

चव्वेचाळीस सालची होळी. ऊन कललं होतं. येरळा नदीवरून धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी दारात आले आणि पायच थांबले. सकाळी कुडाला टेकवून ठेवलेल्या गोवऱ्या जाग्यावर नव्हत्या. एकही नाही. कुडाच्या बुडाशी नुसता ओला गोल डाग उरला होता.

"आत्ती," मी दारातनंच हाक मारली, "आपल्या गोवऱ्या कुटं हायत्या?"

माझी सासू चुलीपुढं पुरण घोटत बसली होती. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. तिनं मान वर केली नाही. परसात आमचा हुडवा होता, वाळल्या गोवऱ्यांची रचून शेणानं लिंपलेली रास.

"नेल्या पोरांनी."

"कुडाच्या?"

"कुडाच्या बी आन् हुडव्याच्या बी. दुपारी डोळा लागला माझा, तवर भोक पाडलं हुडव्याला. होळीला गोवऱ्या चोरायच्या न्हाईत तर कवा चोरायच्या? मी बी लगीन व्हायच्या आदी लई चोरल्यात." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुजं तोंड का असं पांढरं पडलंय? शेणच व्हतं न्हवं? का सोनं थापलं व्हतंस?"

गाठोडं खाली टाकलं आणि भिंतीला धरून उभी राहिले.

सोनं नव्हतं. त्यांतल्या आठ गोवऱ्यांत काडतुसं होती.

आमच्या भागात तेव्हा दिवसा सरकारचं राज्य होतं आणि रात्री भूमिगत पोरांचं. माझा नवरा केशव त्या पोरांत. दीड वर्ष घरात नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी एका पहाटे परसात येऊन त्यानं माझ्या ओच्यात काडतुसं ओतली. मेणकापडात बांधलेल्या आठ पुरचुंड्या. म्हणाला, "धुळवडीच्या बाजारी नदीपलीकडं पोचली पायजेत. रस्त्यावर झडती हाय. पिठात बघतात, धान्यात बघतात, बायकांच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतात."

"शेणात बघतात का?" मी विचारलं.

तो हसला. दीड वर्षांत पहिल्यांदा त्याला हसताना बघितलं.

मी आठ गोवऱ्या थापल्या. एकेकीच्या पोटात एकेक पुरचुंडी. गोवरी थापली की वर बोटं उमटतात, प्रत्येक बाईची वेगळी. लहानपणी उसाच्या चरकात माझ्या उजव्या हाताची करंगळी गेली होती, म्हणून माझ्या गोवरीवर तीनच बोटं. गावातल्या बायका मला तिबोटी म्हणायच्या. तीच खूण ठरली. बाजाराला टोपली न्यायची होती भागूबाईनं. ती महारवाड्यातली. आम्ही दोघी माळावर शेण गोळा करायला बरोबर जायचो, आणि आमच्या गावात नदीपलीकडं जाऊन यायची छाती असलेली बाई ती एकटीच. तीन बोटांच्या गोवऱ्या तिनं उचलायच्या, पलीकडच्या माणसानं तीन बोटं बघून घ्यायच्या.

घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आत्तीला तर सांगायचंच नव्हतं. "आईचं तोंड फाटकं हाय," केशव बजावून गेला होता. "सकाळी तिला कळलं तर दुपारी फौजदाराला कळंल."

आणि खरंच, आत्तीचं तोंड त्या गोवऱ्यांपाठी लागलंच होतं. "भाकरी थापतीस का उशी शिवतीस? एवढी जाड गोवरी सात जल्मात वाळायची न्हाई. आईनं काय शिकवलंच न्हाई का गं तुला?" रोज. येता-जाता. मी ऐकून घ्यायची. बोलणार काय?

आता त्या आठ गोवऱ्या होळीत होत्या आणि सूर्य हातभर वर होता.

"मी जरा भायेर जाऊन येती," मी म्हणाले.

"पोळ्या कोण लाटणार?"

मी पळत सुटले.

चावडीपुढच्या पटांगणात होळी रचून तयार होती. मधोमध एरंडाची फांदी, भोवती लाकडं, लाकडांवर माणसाच्या छातीएवढ्या उंच गोवऱ्या. पोरं भोवतीनं नाचत होती, तोंडावर हात मारून बोंबलत होती. त्यांतलं सगळ्यांत लहान पाच-सहा वर्षांचं असेल, उघडंनागडं, पार होळीला चिकटून. दहा पावलांवर बाज टाकलेली, बाजेवर गादी, गादीवर फौजदार. शेजारी आमचे पाटील, आनंदराव. फौजदारासाठी पाटलाच्या घरनं तूप-पोळीचं ताट आलं होतं. मागं तीन शिपाई, काठ्या टेकून.

दर सणाला हा फौजदार गावात येऊन बसायचा. सणाला माणूस घरी येतो, हे त्याला ठाऊक होतं. आनंदरावांनीच त्याला ते सांगितलं होतं, हेही गावाला ठाऊक होतं.

काडतूस आगीत पडलं की काय होतं हे मला केशवनं सांगितलेलं. ते कुठंही उडतं. एखादं पोर जाईल. आणि आवाज झाला की फौजदार राख उकरणार, पितळ सापडणार, आणि मग गोवऱ्या कुणाच्या हे शोधायला त्याला किती वेळ लागेल? तीन बोटांची बाई गावात एकच.

मी पूजेला आल्यासारखा पदर पुढं ओढला आणि होळीभोवती फिरायला लागले. डोळे गोवऱ्यांवर. एक दिसली, वरच्या थरात. दुसरी, तिसरी तिच्याच शेजारी. चौथी एरंडाला टेकलेली. मी फेरी मारली. पाचवी. सहावी लाकडात अडकलेली. सातवी अगदी समोर, फौजदाराच्या तोंडापुढं.

आठवी दिसेना.

तिसरी फेरी मारायला निघाले तर शिपायानं काठी आडवी घातली. "ए बाई, पेटल्यावर पूजा. आत्ताच काय गरगर फिरतीस?"

मी मागं सरले. हात घालून एक गोवरी ओढावी तर सगळं गाव बघतंय. शिवाय होळीत पडलेलं मागं घ्यायचं नाही, ही रीत. एकदा पडलं की ते होळीचं. कुणी घेतलं तर त्याच्या घराला आग लागते म्हणायचे.

तेवढ्यात पाठीमागनं आवाज आला. मी न बघता ओळखला. गावात तसला आवाज एकच होता.

"कुणी चोरल्या रं माझ्या गोवऱ्या? कुणाच्या आईच्या चुलीत घालायच्या व्हत्या?"

आत्ती. हातात रिकामी टोपली, पदर खोचलेला, पिठाचे हात तसेच. पोरांना आनंदच झाला. होळीला ज्याच्या गोवऱ्या चोरल्या त्यानं शिव्या द्यायच्या, पोरांनी बोंब मारायची, हा खेळच असतो. त्यांनी आत्तीच्या नावानं बोंब ठोकली. आत्तीनं त्यांच्या सात पिढ्या काढल्या. बाया हसायला लागल्या. फौजदारानं ताटातली पोळी तोडता तोडता बघितलं आणि तोही हसला.

मला रडू फुटायचं बाकी होतं. आता हिला कोण आवरणार? सात गोवऱ्या बाहेर काढायचा मार्ग सापडत नाही आणि ही सगळ्या गावाचे डोळे त्याच गोवऱ्यांवर आणून ठेवतेय.

ती होळीपाशी गेली, वाकली, आणि थेट फौजदारासमोरच्या गोवरीला बोट लावलं. सातवी.

"ही बगा. ही माझ्या सुनंची. तीन बोटांची. वल्ली हाय, बगा, आत बोट जातंय. आरं मुडद्यांनो, चोरायची तर वाळलेली चोरा. कच्ची गोवरी होळीत घालतात व्हय?"



आनंदराव बाजेवरून म्हणाले, "गजराबाई, जा घरी. होळीतलं मागं घ्यायचं नसतं, तुला काय नवं सांगायला पायजे का?"

"मागं कोण घेतंय? बदली करती. एकीला पाच वाळल्या देती. माझा हुडवा फोडा, पायजे तेवढ्या न्या. पर वल्लं काढा. वल्ली होळी धुमसती. धुमसली का वरीस वाईट जातं. बेचाळीसला धुमसली, आन् पटकीनं किती माणसं नेली? मोजा की."

माणसांत कुजबुज झाली. बेचाळीसची पटकी कुणी विसरलं नव्हतं.

पाटलांचा चेहरा आंबट झाला. पाहुण्यासमोर बाई उलटून बोलत होती. त्यांनी मग तेच काढलं जे असले लोक शेवटी काढतात.

"एक तर रांडमुंड बाईनं होळीपाशी यायचं न्हाई. अपशकुन तूच करतीयास."

आत्ती सरळ उभी राहिली.

"माझं कपाळ कोरडं हाय ते माझं मी बघती, पाटील. ह्या गोवऱ्या वल्ल्या हायत्या ते तुमी बघा."

मागनं कुणीतरी फिसकन हसलं. फौजदारही हसला आणि तिथंच पाटलांचा बेत बिघडला. ते उठले. "बास झालं. पेटवा. विस्तव कुटं हाय?"

विस्तवाचीही आमच्या गावची रीत ऐकून ठेवा. आधी महारवाड्यातली होळी पेटायची. मग तिथला विस्तव खापरात घालून पटांगणात यायचा आणि त्यावर गावची होळी पेटायची. एरवी त्या माणसांची सावली नको, त्यांचं पाणी नको, विस्तव मात्र हवा. विस्तव द्यायचा मान भागूबाईच्या घराचा. तिचा नवरा पलटणीत गेल्यापासून खापर तीच आणायची.

ती पटांगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत खापर, खापरात लाल निखारे. जोहार घालायचं तिनं दोन वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. तिनं पाटलांकडं बघितलं नाही. होळीकडं बघितलं.

मी तिच्याकडं बघत होते. तिचे डोळे वरच्या थरावर गेले आणि थांबले. एक गोवरी, दुसरी, तिसरी. मग माझ्याकडं वळले. मी काही खूण केली नाही. करायची गरजही नव्हती, माझं तोंड बघून मेलेल्या माणसालाही कळलं असतं.

"ठेव तितं," पाटील म्हणाले.

भागूबाई जागची हलली नाही. "ह्या बाई काय म्हंत्यात?"

"तुला काय करायचंय? ठेव खापर."

"वल्लं शेण हाय म्हंत्यात होळीत."

"भागे, तुजी जीभ लई चालाय लागलीया."

"मी कशाला बोलू, पाटील? रीत बोलतीया. आन् रीत तुमचीच हाय." तिचा आवाज अगदी शांत होता. "इस्तू आमच्या घरचा. वल्ल्या होळीला आमचा इस्तू लागला आन् होळी धुमसली, तर उद्या गावात माणूस मेलं का तुमी म्हणणार, भागीचा इस्तू वंगाळ व्हता. ते मी ऐकायची न्हाई. आदी वल्लं काढा. न्हाईतर हे खापर हितंच पालथं घालती."

पाटलांनी खिशात हात घातला. "मी काडी वढतो."

"वढा की," भागूबाई म्हणाली. "गावची होळी काडीनं पेटली, ही नवी रीत आनंदराव पाटलांनी पाडली, असं पोरंबाळं सांगतील."

आता गाव बोलायला लागलं. म्हातारा गुरव पुढं झाला. "पाटील, काडीनं नको. असलं काय करू नका." त्याच्यामागं दुसरा. मग बाया. "काढा की वल्ल्या. म्हातारी पाच-पाच वाळल्या देतीया." पाटील हातात काडेपेटी धरून उभे. त्या पेटीचं काय करावं हे त्यांना कळेना.

आणि दिवस बुडत चालला होता. हे सगळ्यांत आधी कुणाच्या ध्यानात आलं असेल, तर फौजदाराच्या. रात्रीचं राज्य कुणाचं हे त्याला पाठ होतं. त्यानं नदीकडं बघितलं, सूर्याकडं बघितलं आणि ताट बाजूला सारलं.

"आनंदराव, अंधार पडायच्या आत मला नदी ओलांडायचीय. शेणावरून पंचायत कसली भरवताय? काढून टाका ती ओली घाण." मग शिपायांकडं वळून, "ए, बघता काय? बाई दाखवेल त्या काढा."

साहेब, हे वाक्य परत वाचा. फौजदारानं हुकूम दिला.

शिपायांनी काठ्या ठेवल्या आणि हात घातले. आत्ती दाखवत होती, "ही. ही बी. ती फांदीजवळची, तीन बोटं दिसत्यात न्हवं?" आणि सरकारचे शिपाई सरकारला मारायची काडतुसं होळीतून अलगद काढून आमच्या टोपलीत घालत होते. अलगद अशासाठी, की शेण ओलं आणि त्यांचे कपडे नवे.

पाचवी निघाली तेव्हा थोराड शिपाई थबकला. त्यानं गोवरी हातात तोलली.

"सायेब, लई जड हाय ही."

फौजदार बाजेवरून उठला. छडी घेऊन जवळ आला. त्यानं छडीच्या टोकानं गोवरीवर टकटक केलं. वरची खपली उडाली.

आत्तीनं गोवरी शिपायाच्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांनी फौजदाराच्या नाकापुढं धरली.

"वल्लं शेण जडच असतंय, सायेब. आत हात घालून बगा. कालवडीचं हाय, मऊ लागंल."

फौजदार दोन पावलं मागं सरला. खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. "घे, घे बाजूला. कसली बाई आहे."

आत्तीनं ती टोपलीत ठेवली. मग स्वतः होळीच्या मागच्या अंगाला गेली, वाकली, काहीतरी खुडबुड केली, आली. पोरं आमच्या हुडव्यावरून वाळक्या गोवऱ्यांच्या ओझ्यावर ओझं आणत होती. बदली भरून निघाली.

मी मात्र मोजत होते. शिपायांनी काढल्या त्या सात. तीन बोटांच्या सात. आठवी आत कुठंतरी होती. आणि भागूबाईनं खापर जमिनीवर ठेवलं. तिनं सात मोजल्या की आठ, हे तिलाही त्या गर्दीत कळलं नसणार. गुरवानं निखारा उचलला.

होळी पेटली.

वाळकं सगळं भडाडा पेटलं. पोरांनी बोंब ठोकली आणि पुढं धावली. ते उघडंनागडं पोर सगळ्यांत पुढं. मला ओरडता येत नव्हतं. ओरडून सांगणार काय? मी धावत पुढं गेले, आगीकडं पाठ केली, हात पसरले आणि पोरांना मागं ढकलायला लागले. "मागं सरा. मागं व्हा रं." ती हसायला लागली. त्यांना खेळच वाटला. ती माझ्या हाताखालून शिरायची, मी त्यांना परत लोटायची. पाठ भाजत होती. मी मनात म्हणत होते, उडायचंच असेल तर माझ्या पाठीत उडू दे.

कुणीतरी दंड धरला.

"काय करतीस?" आत्ती.

"आत्ती, तुमी मागं जावा."

"का?"

"एक ऱ्हायलीया."

तोंडातनं निघून गेलं. आत्तीनं माझ्याकडं बघितलं. आगीचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि त्या तोंडावर भीती नव्हती. मग तिनं अगदी हळू, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या हळू, माझ्या कानाशी सांगितलं.

"टोपल्यात आठ हायत्या. चल घरी, पोळ्या लाटायच्यात."

ती टोपलीकडं वळली, खाली वाकली, आणि कंबरेला हात लावून कण्हली. "आरं, म्हाताऱ्या बाईला कोण हात लावंल का? ए दादा." थोराड शिपाई पुढं आला. त्यानं आठ गोवऱ्यांची टोपली दोन्ही हातांनी उचलली, आत्तीनं डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि त्यानं टोपली नीट चुंबळीवर बसवून दिली.

"देव तुजं भलं करू," आत्ती म्हणाली.

फौजदाराची घोडी नदीकडं निघाली आणि आमची टोपली घराकडं.

घरी आल्यावर तिनं दाराला कडी घातली, टोपली चुलीपासून लांब ठेवली आणि एक गोवरी काढून माझ्यापुढं धरली. वर चार बोटं होती.

"ही तुजी आठवी. आज तू धुण्याला गेल्यावर बगितली तर कडंला तडा गेल्याला. मेणकापड उगडं पडलं व्हतं, त्यातनं पितळ चमकत व्हतं उन्हात. माजा हात लागला, शेण घेतलं, लिंपून टाकलं. म्हनून माजी बोटं उटली."

"तुमाला ठाव व्हतं?"

"पैल्या दिसापास्नं. मी सा बाळतपणं केल्यात, द्वारके. गाभण गोवरी मला कळत न्हाई व्हय?"

"मग रोज शिव्या का घालत व्हता? जाड हाय, वल्ली हाय म्हणून?"

"साऱ्या आळीला ठाव पायजे व्हतं, का गजराबाईची सून अडाणी हाय, तिला गोवरी थापता येत न्हाई. तसलीची गोवरी जाड दिसली तर कोन इचारतंय? आन् दिस बुडाल्याबिगर होळी पेटत न्हाई, म्हनून आज बी तू येस्तवर चुलीपुढनं उठले न्हाई." तिनं गोवरी परत ठेवली. "केशवनं सांगितलं आसंल, आईचं तोंड फाटकं हाय."

मी मान खाली घातली.

"फाटकं असल्यालंच बरं. लोक त्यातनं काय सांडतंय तेच बघत बसत्यात. आत काय ऱ्हायलंय ते कोन बघत न्हाई." आणि मग, परात पुढं ओढत, "घे. लाट आता. पातळ लाट, उशी शिवू नगंस."

आम्ही दोघी हसायला लागलो. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. बाहेर पोरं अजून बोंबलत होती.

दुसऱ्या दिवशी धुळवडीला भागूबाईनं टोपली उचलली. नदीच्या उतारावर झडतीला तोच थोराड शिपाई होता. तिनं मागनं येऊन सांगितलं तेव्हा तिचं तिलाच हसू आवरत नव्हतं. त्यानं टोपली ओळखली म्हणे आणि विचारलं, "वाळल्या का गं?"

ती म्हणाली, "आजच्या उन्हात वाळतील, दादा."

वाळल्या. नदीपलीकडं पोचल्या. त्यांचं पुढं काय झालं, कोणत्या ठाण्यावरचा झेंडा कसा उतरला, ते तुमच्या पुस्तकात आहे. त्यात शूर पुरुषांची नावं आहेत, आणि ती खरी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. माझा केशवही त्यांत आहे. तो गेला तेव्हा त्याच्यावर तिरंगा घातलात, मी बघितलं.

आता तुमचं काम. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाला तालुक्याच्या कचेरीपुढं तुम्ही दगडी खांब उभा केलात. आमच्या गावची सतरा नावं कोरलीत. मी चष्मा लावून, खांबाला हात लावून, एकेक अक्षर वाचलं. मी शाळेत गेले नाही. चाळिशी उलटल्यावर नातीच्या अंकलिपीवर शिकले, गोवऱ्या थापता थापता भिंतीवर शेणाच्या बोटानं अक्षरं गिरवून. तेव्हा चुकीचं वाचलं असेल असं समजू नका. चौथं नाव आहे आनंदराव पाटील. होळीला फौजदाराच्या शेजारी बाजेवर बसलेला माणूस. चौथा.

गजराबाई नाही. ती बावन्न साली गेली, शेवटपर्यंत शिव्या देत. भागूबाई नाही. ती अजून आहे. छप्पन साली दीक्षा घेऊन आली आणि तिनं विस्तव द्यायचं बंद केलं. तेव्हापासून गावची होळी काडीनं पेटते. गावावर काही संकट आलं नाही. ती म्हणते, "द्वारका, एवढं सोपं व्हतं बघ." पण त्या दिवशी ओल्या गोवऱ्या निघेपर्यंत तिनं ते खापर खाली ठेवलं नाही, म्हणून ते उघडं पोर जगलं. ते पोर आज तुमच्याच कचेरीत आहे, साहेब. माझ्या अर्जावर आवक नंबर त्यानंच घातला. त्याला यातलं काही माहीत नाही.

तुम्हाला पुरावा पाहिजे ना? या अर्जासोबत एक गोवरी पाठवली आहे. शिपायाला म्हणावं, अलगद घे. वरची बोटं मोजा, तीन भरतील. माझ्याच हाताची आहे, आणि तो हात अजून इथं आहे, कुणालाही बघायला बोलवा. आत काही नाही. खात्री पटत नसेल तर हात घालून बघा. मऊ लागेल.

माझं नाव कोरू नका, मला नको. मला एवढंच सांगा: टोपली वाहणाऱ्या दोघी खांबावर नाहीत आणि फौजदाराला ताट वाढणारा आहे, हे कुणी ठरवलं? कोणत्या पुराव्यावर?

उत्तर तोंडी नको. लेखी द्या. मला वाचता येतं.